क्षितिजावरची रास आणि समोरचे माणूस

गेल्या हिवाळ्यात वसई गावातील एका व्याख्यानमालेत फलज्योतिषाचे एक व्यासंगी अभ्यासक बोलावयास आले होते. त्यांच्या दीड तासाच्या भाषणातील जो भाग श्रोत्यांनी सर्वांत अधिक आवडीने ऐकला, आणि जो पुढे कित्येक दिवस आमच्या आळीत, बाजारात व सकाळच्या गाडीच्या डब्यात चर्चिला गेला, तो साडेसातीविषयीचा नव्हता की मंगळदोषाविषयीचा नव्हता; तो होता लग्नराशीविषयीचा. त्यांचे प्रतिपादन असे की, जन्मसमयी पूर्व क्षितिजावर जी रास उदय पावत असते ती मनुष्याच्या देहयष्टीची, मुखचर्येची, चालण्याबोलण्याच्या ढबीची आणि परक्या माणसावर त्याची जी पहिली छाप पडते तिची अधिष्ठात्री होय. चंद्र मन सांगतो, रवी आत्मा सांगतो, परंतु तनुस्थान, म्हणजे पत्रिकेतील पहिले स्थान, हे मनुष्याचे महाद्वार असल्यामुळे जगाला प्रथम दिसते ते लग्न. मेष लग्नाचा मनुष्य दारातून आत येतो तोच घाईने, तूळ लग्नाचा येतो तो हसतमुखाने, आणि वृश्चिक लग्नाचा आला की त्याच्या मनात काय आहे हे कोणाला कळत नाही. वक्ते विद्वान होते, त्यांची वाणी शुद्ध होती, आणि ते स्वतःच्या विधानांवर मनापासून विश्वास ठेवीत होते याविषयी मला तिळमात्र संशय नाही. तरीही ते प्रतिपादन मुळापासून चुकीचे आहे असे माझे मत आहे, आणि ते केवळ चुकीचे असते तर मी लेखणी उचलली नसती.

त्या व्याख्यानानंतर तीन आठवड्यांनी माझ्या पुतणीला पाहावयास बोरिवलीकडची मंडळी आली. ही मुलगी एका प्रसूतिगृहात परिचारिका आहे. त्या दिवशी ती रात्रपाळी संपवून सकाळी साडेआठला घरी आली, स्नान करून साडी नेसली आणि अकरा वाजता पाहुण्यांसमोर पोह्यांच्या बश्या घेऊन येऊन बसली. डोळे तांबारलेले, अंगात कसर, आणि पहाटे चारच्या सुमारास एक अवघड बाळंतपण झालेले असल्यामुळे मन अजून तेथेच गुंतलेले. विचारले तेवढ्याचे उत्तर दिले, जास्त बोलली नाही. चार दिवसांनी मध्यस्थामार्फत निरोप आला. मुलगी चांगली आहे, शिकलेली आहे, घराणेही योग्य, परंतु पत्रिकेत वृश्चिक लग्न आहे, आणि "ते पहिल्या भेटीतच आम्हांला जाणवलं, मुलगी आतल्या गाठीची वाटते." माझ्या वहिनीने हा निरोप ऐकून एवढेच विचारले, "अहो, पण ती रात्रभर जागी होती, हे कुणी सांगितलं नाही का त्यांना?" सांगितले होते, चहा देता देता दोनदा सांगितले होते.

या प्रतिवादात मला मुख्यतः जे सांगावयाचे आहे ते येथेच सांगून टाकतो. पहिली छाप ही पाहणाऱ्याची कृती आहे. समोरच्या मनुष्याविषयी क्षणार्धात मत बनविणारा पाहणाराच असतो, ते मत बनविताना तो आपले पूर्वग्रह, आपली घाई, आपले अज्ञान वापरतो, आणि त्याची जबाबदारीही त्याचीच असते. लग्नराशीचा सिद्धांत ही जबाबदारी पाहणाऱ्याच्या माथ्यावरून उचलून ज्याला पाहिले जाते त्याच्या जन्मघटिकेवर टाकतो. फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकच मनुष्य असूनही तो निवाडा मात्र आकाशाच्या नावाने देतो. माझी तक्रार आहे ती याविरुद्ध.

प्रथम लग्नाच्या गणिताविषयी. हे गणित खोटे नाही, आणि ज्यांना ते येते त्यांच्याविषयी मला आदर आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे क्रांतिवृत्ताचे बाराही भाग एका अहोरात्रात पूर्व क्षितिजावर क्रमाने येऊन जातात; सरासरीने एक रास दोन तास आणि एक अंश सुमारे चार मिनिटे. वसईच्या अक्षांशावर, म्हणजे विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे एकोणीस अंश चोवीस कलांवर, मीन रास साधारणतः दीड तासाहून थोड्या अधिक वेळात उगवून जाते, तर कन्येला दोन तासांहून अधिक वेळ लागतो. आपले घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावरील प्रमाणवेळ दाखविते आणि वसई त्र्याहत्तरच्या अलीकडे आहे, म्हणून येथील स्थानिक वेळ घड्याळाच्या सुमारे एकोणचाळीस मिनिटे मागे असते, हा संस्कारही जाणता जोशी न चुकता करतो. इतका सूक्ष्म हिशेब करून जे उत्तर येते ते अर्थातच जन्मवेळेच्या नोंदीइतकेच विश्वसनीय असते. आणि येथे मला माझ्या वडिलांच्या दोन पत्रिकांचा दाखला द्यावासा वाटतो.

माझ्या वडिलांचा जन्म १९४३ साली, श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात, वसईत राहत्या घरी झाला. आजोबांनी भिंतीवरच्या घड्याळात पाहून हिशेबाच्या वहीत "सकाळी पावणेदहा" अशी नोंद केली. त्याच महिन्यात गावातल्या जोशीबुवांनी पहिली पत्रिका केली. ती सिंह लग्नाची आहे. पुढे पंचवीस वर्षांनी वडिलांच्या लग्नाचे घाटत असता ती पत्रिका कोठे सापडेना, म्हणून आजोबांच्या त्याच वहीतील त्याच नोंदीवरून मुंबईच्या एका ज्योतिष्याकडून दुसरी करून घेतली; ती निघाली कन्या लग्नाची. दोघांपैकी कोणीही गणितात चुकला नव्हता. महायुद्धाच्या काळात, १९४२च्या सप्टेंबरपासून १९४५च्या ऑक्टोबरपर्यंत, सरकारने देशातील घड्याळे एक तास पुढे करविली होती. पहिल्या जोशीबुवांना ते ठाऊक होते, कारण ते स्वतः त्या वेळेवर जगत होते, आणि त्यांनी तो तास वजा केला. दुसऱ्याच्या ध्यानात ते आले नाही, आणि त्याने पावणेदहा हे पावणेदहाच धरले. त्या दिवसांत प्रमाणवेळेने सव्वानऊच्या सुमारास सिंह संपून कन्या उगवत होती. (मुंबईत जुना मुंबई टाइमही बरीच वर्षे चालू होता, हेही येथे स्मरणात ठेवण्यासारखे आहे; त्या पिढीच्या किती पत्रिका कोणत्या घड्याळावर केल्या आहेत याची खातरजमा आज कोण करणार?)

आता सिंह लग्नाचे वर्णन म्हणजे भव्य कपाळ, रुबाबदार चाल, अधिकारवाणी, चारचौघांत लगेच नजरेत भरणारे व्यक्तिमत्त्व. आणि कन्या लग्नाचे म्हणजे सडसडीत बांधा, संकोची, मितभाषी, चिकित्सक, कपड्यांची घडी न मोडणारा. पत्रिका हरवण्यापूर्वीची पंचवीस वर्षे घरातील वडीलधारी मंडळी वडिलांच्या रुबाबाचे श्रेय सिंहेला देत असत. विवाहानंतरची चाळीस वर्षे माझी आई व मावश्या वडिलांच्या टापटिपीचे, हिशेबीपणाचे, अनोळखी माणसापुढे गप्प राहण्याचे श्रेय कन्येला देत राहिल्या. वडील वारल्यावर पत्र्याच्या ट्रंकेत आजीच्या लुगड्याच्या घडीत पहिली पत्रिका सापडली, कडेला हळदीचे बोट लागलेली, वाळवीने एक कोपरा खाल्लेली. दोन्ही मी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. माझे वडील मुलांपुढे आवाज चढविणारे आणि कचेरीतील साहेबापुढे खाली मान घालणारे होते, सणाला जरीचा फेटा बांधून मिरविणारे आणि रोज रात्री खर्च पै-पैशाने लिहिणारे होते. म्हणजे बहुतेक मनुष्यांसारखे होते. ज्याने जी पत्रिका पाहिली त्याला त्यांच्यात ती दिसली.

कोणी म्हणेल, ही घड्याळाची चूक झाली, शास्त्राची नव्हे. तर मग शास्त्राकडेच वळू. राशिचक्राचा आरंभ आकाशात नेमका कोठे मानावयाचा, यावर आपल्या महाराष्ट्रात एके काळी केवढा मोठा वाद झाला होता ते आजच्या वाचकास बहुधा ठाऊक नसेल. लोकमान्य टिळकांनी पंचांगशोधनाच्या चळवळीत पुढाकार घेतला तेव्हा रेवती नक्षत्रातील एका तारकेपासून आरंभ मानणारा पक्ष आणि चित्रा तारकेच्या समोरील बिंदूपासून आरंभ मानणारा पक्ष, असे दोन तट पडले. व्यंकटेश बापूजी केतकरांसारखे थोर गणिती चित्रापक्षाचे होते, आणि टिळक पंचांग रैवतपक्षाचे राहिले ते आजतागायत. या दोन पक्षांत सुमारे चार अंशांचे अंतर आहे. पुढे स्वतंत्र भारताच्या सरकारने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांगसुधारणेसाठी समिती नेमली, तिचा अहवाल १९५५ साली आला, आणि तिने चित्रापक्षास अनुसरून १९५६च्या वसंतसंपातासाठी तेवीस अंश पंधरा कला असा अयनांश, म्हणजे संपातापासून राशिचक्राच्या आरंभापर्यंतचे अंतर, ठरवून दिला. समितीने उत्तम काम केले. सण आणि तिथी यांच्यासाठी देशभर एकवाक्यता हवीच होती. परंतु तीस अंशांच्या राशीत चार अंशांचा फरक म्हणजे साधारणतः दर सात-आठ माणसांमागे एकाची लग्नरास पंचांगागणिक बदलते. आणि पाश्चात्त्यांची रास संपातापासून मोजलेली असल्यामुळे त्यांच्या व आपल्या गणनेत आज चोवीस अंशांचे अंतर आहे. तेथे तर दर पाच जणांतील चौघांचे लग्न वेगळे निघते. आमच्या येथील तरुण मंडळी मोबाइलवर जे लग्न पाहतात ते पुष्कळदा पाश्चात्त्य पद्धतीचे असते आणि घरची पत्रिका निरयन, म्हणजे तारकांपासून मोजणाऱ्या, पद्धतीची. एकाच मुलीला मोबाइल धनु म्हणतो आणि जोशी वृश्चिक. धनु म्हणजे मनमोकळी, वृश्चिक म्हणजे गूढ. तिच्याशी पहिल्यांदा बोलणाऱ्याला ती या दोहोंपैकी काय वाटावी, हे कोणत्या तारकेपासून मोजणी सुरू केली यावर अवलंबून आहे काय?

आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला सर्वांत निर्णायक वाटते. मीन रास वसईत दीड तासाहून थोडा अधिक वेळ उगवत राहते. लंडनमध्ये ती तासाहूनही कमी वेळात उगवून मोकळी होते, आणि कन्येला तेथे सुमारे पावणेतीन तास लागतात. म्हणजे लंडनमध्ये मीन लग्नाच्या एका मनुष्यामागे कन्या लग्नाची तीन माणसे जन्मास यावयाची. त्याहून उत्तरेला नॉर्वेतील ट्रॉम्सो हे शहर आहे, जेथे हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवत नाही. ज्या कारणाने सूर्य उगवत नाही त्याच कारणाने निरयन धनु रास तेथे वर्षभरात एकदाही क्षितिजावर येत नाही आणि मिथुन रास कधी मावळतच नाही, म्हणून या दोन्ही राशी तेथे जन्मलेल्या कोणाच्याही लग्नी येऊ शकत नाहीत. मिथुन लग्नाचा मनुष्य बडबड्या, हजरजबाबी, चटकन मैत्री करणारा असे सांगतात. ट्रॉम्सोच्या बाजारात असा एकही मनुष्य भेटत नाही, असे म्हणण्याची कोणाची तयारी आहे?

यावर जाणत्यांचा ठरलेला युक्तिवाद असतो तो असा की, रास एकटी पाहावयाची नसते. लग्नेश कोठे आहे, लग्नी कोणता ग्रह आहे, कोणाची दृष्टी आहे, नवमांशात काय आहे, हे सर्व पाहून तारतम्याने सांगावयाचे असते. मला हा युक्तिवाद फार वर्षांपासून ठाऊक आहे. सिंह लग्नाचा मनुष्य संकोची निघाला की लग्नेश रवी व्ययात असतो, आणि रुबाबदार निघाला की सिंहच पुरेसा असतो. ज्या नियमाला प्रत्येक अपवादासाठी नवा उपनियम तयार मिळतो त्याची परीक्षा घेण्याचा एकच मार्ग उरतो: मनुष्य आधी न दाखविता केवळ पत्रिका द्यावयाची, सर्व ग्रह, सर्व दृष्टी, सर्व तारतम्य वापरू द्यावयाचे, आणि उत्तर काय येते ते पाहावयाचे.

अशी परीक्षा आपल्या महाराष्ट्रातच झाली आहे, आणि ती घेणारे होते खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर. त्यांनी संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, पूर्वी स्वतः ज्योतिष पाहणारे प्रकाश घाटपांडे आणि नरेंद्र दाभोलकर यांच्या सहकार्याने शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा जमविल्या, त्यांवरून पत्रिका तयार केल्या, आणि जाहीर आवाहन करून पुढे आलेल्या प्रत्येक ज्योतिष्याला त्यांतील चाळीस पत्रिका पाठविल्या. कोणती हुशार मुलाची व कोणती मतिमंद मुलाची, एवढेच सांगावयाचे होते. एक्कावन्न जणांनी भाग घेण्याचे कबूल केले, सत्तावीस जणांची उत्तरे आली. नाणे फेकून उत्तर दिले तर चाळिसांपैकी वीस बरोबर यावयाचे. सर्वांत उत्तम उत्तर चोवीसचे आले आणि सरासरी सव्वासतराची. एका ज्योतिषसंस्थेने दोनशेही पत्रिका तपासल्या. तिची एकशे दोन उत्तरे बरोबर आली. हा सर्व वृत्तान्त २००९ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्या मुलांच्या बुद्धीत जमीनअस्मानाचे अंतर होते ती जर पत्रिकेतून ओळखता आली नाहीत, तर संकोची आणि गंभीर यांच्यातील अंतर ओळखता येईल हे कशाच्या आधारे मानावे?

त्या परीक्षेत बुद्धीचा प्रश्न होता, स्वभावाचा नव्हता, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो गैर नाही. स्वभावाची परीक्षा शॉन कार्लसन याने अमेरिकेत घेतली आणि १९८५च्या डिसेंबरात 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केली. तिची रचना करताना ज्योतिष्यांचा सल्ला घेतला होता; एका पत्रिकेबरोबर तीन माणसांची मानसशास्त्रीय स्वभावचित्रे द्यावयाची आणि त्यांतून पत्रिकेच्या धन्याचे चित्र निवडावयाचे. ज्योतिष्यांनी स्वतःच निम्म्या वेळा बरोबर येईल असे आधी सांगितले होते. आली ती तिनांत एक, म्हणजे डोळे मिटून निवडले असता यावयाची तेवढीच.

मग पत्रिका जुळते असे एवढ्या सुबुद्ध माणसांना का वाटते? माझ्या आईला आणि मावश्यांना का वाटले? बर्ट्रम फोरर नावाच्या प्राध्यापकाने १९४८ साली आपल्या एकोणचाळीस विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली आणि आठवड्याने प्रत्येकाच्या हाती त्याचे म्हणून एक स्वभाववर्णन दिले. ते आपल्याशी किती जुळते याला पाचपैकी गुण द्या म्हणून सांगितले. सरासरी सव्वाचारच्याही किंचित वर गेली. सर्वांच्या हाती एकच कागद होता, आणि त्यातील मजकूर त्याने रस्त्यावरील दुकानात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उतरवून घेतला होता. आपण आपल्याविषयी जे वाचतो त्यात जुळणारे तेवढे वेचतो आणि न जुळणारे सोडून देतो. दुसऱ्याविषयी वाचताना तर हे आणखी सोपे होते, कारण तेथे नाही म्हणणारा मनुष्य समोर नसतो.

ही विद्या ऋषिमुनींच्या हजारो वर्षांच्या अनुभवाचे सार आहे, असे म्हणणारांसाठी दोन ओळी पुरेत. वेदांगज्योतिषात बारा राशी नाहीत. होरा, केंद्र, पणफर, आपोक्लिम हे पत्रिकेतील शब्द ग्रीक आहेत, आणि 'हॉरोस्कोप' या शब्दाचा मूळ अर्थच उदय पावणारे लग्न असा आहे. बाहेरून आलेली गोष्ट वाईट असे मी म्हणत नाही. आपल्या शेतातील मिरची आणि बटाटाही बाहेरचेच. परंतु वंशपरंपरेने मिळालेली अनुभवाची सनद म्हणून जी पुढे केली जाते, तिची वहिवाट तपासली असता ती तशी शाबीत होत नाही.

आता पहिल्या छापेविषयी. ती खोटी आहे असे मी म्हणत नाही. ती आहे, फार प्रबळ आहे, आणि फार लवकर पडते. प्रिन्स्टन विद्यापीठात विलिस आणि टोडोरोव्ह यांनी २००६ साली दाखवून दिले की, अनोळखी चेहरा सेकंदाचा दहावा भाग इतका वेळ दिसला तरी मनुष्य त्या चेहऱ्याच्या विश्वासार्हतेविषयी मत बनवितो, आणि अधिक वेळ दिला तर मत फारसे बदलत नाही, त्या मतावरचा विश्वास मात्र वाढतो. सॉलोमन ॲश याने १९४६ साली त्याहूनही साधी गोष्ट करून पाहिली होती: एका काल्पनिक मनुष्याच्या गुणांच्या यादीत 'मायाळू' या अर्थाच्या एका शब्दाच्या जागी 'कोरडा' या अर्थाचा शब्द घातला, बाकी यादी तीच ठेवली, आणि वाचणाऱ्यांनी त्या मनुष्याचे सगळे चित्रच निराळे रंगविले. पाहुणे घरी येण्याआधी पत्रिका त्यांच्या हाती असते. तीत 'वृश्चिक' हा शब्द असतो. आणि रात्रभर जागलेली मुलगी समोर येऊन बसते.

आम्ही वसई-विरारकर हे आपल्या हाडामांसाने जाणतो. मी तरुणपणी मुंबईतील एका कचेरीत मुलाखतीला गेलो होतो. अर्ज पाहणाऱ्या अधिकाऱ्याने पत्त्यावर बोट ठेवून विचारले, "विरार?" आणि त्यानंतरचे सर्व प्रश्न गाडीविषयी होते: गाडी चुकली तर काय कराल, पावसात रुळांवर पाणी साचले तर काय कराल, एवढ्या लांबून दमून येणारा मनुष्य काम काय करणार. विरारहून मुंबईकडे गाडी १८६७ सालापासून धावते आहे, आणि तिने चार-पाच पिढ्यांच्या कारकुनांना वेळेवर कामावर पोचविले आहे; परंतु त्या दालनात माझी छाप माझ्या तोंडातून एक शब्द निघण्यापूर्वीच पडून गेली होती. माझे लग्न त्या अधिकाऱ्याला ठाऊक नव्हते, त्याला माझा पिनकोड ठाऊक होता. नालासोपाऱ्याच्या पूर्वेकडील चाळीत राहणाऱ्या मुलाला आजही कर्जाचा अर्ज देताना, भाड्याची खोली मागताना, लग्नाच्या बोलण्यात हे रोज सोसावे लागते. अर्नाळ्याचा कोळी किंवा आमच्याकडचा आगरी मुलगा 'पाणी' ऐवजी 'पानी' म्हणाला की कोणाच्या तरी चेहऱ्यावरची रेषा हलते, आणि ती रेषा त्या मुलाने पाहिलेली असते. जात, आडनाव, कातडीचा रंग, बोली, चपला, पत्ता: पहिली छाप याच मालाची बनलेली असते. हे सर्व समाजाने निर्माण केलेले आहे, म्हणून समाजाला ते दुरुस्त करता येते. निदान त्याबद्दल लाज वाटून घेता येते. लग्नराशीच्या नावावर ते खतवले की मग दुरुस्त करावयाचे काही उरतच नाही.

आणि आमच्याच गावाच्या दुसऱ्या अर्ध्याकडे पाहा. पापडी, सांडोर, गिरीज, भुईगाव, निर्मळ या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी हजारो ख्रिस्ती कुटुंबे आहेत. त्यांची बोली, त्यांच्या केळीच्या वाड्या, त्यांची लग्नगीते सारे या मातीचे आहे. त्यांच्या मुलांची नोंद धर्मग्रामाच्या बाप्तिस्म्याच्या वहीत होते, तीत आईबापांची नावे असतात, धर्मपिता-धर्ममातेची असतात, तारीख असते, घटिका-पळे नसतात. त्यांच्याही घरी मुलगी पाहावयास मंडळी येतात, त्यांच्यावरही छाप पडते, बरीवाईट मते होतात, काही बोलणी फिसकटतात आणि काही जमतात. मुलगी अबोल वाटली तर त्या घरातील म्हातारी सरळ विचारते, "बाय, बरं नाही का गं?" हा एक प्रश्न आमच्या घरी कोणी विचारला असता तर त्याचे उत्तर मिळाले असते. आम्हांला उत्तर आधीच कागदावर मिळालेले होते, म्हणून प्रश्न विचारावासा कोणाला वाटला नाही.

२०११च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांवर होती. बारा लग्ने, म्हणजे ढोबळ मानाने प्रत्येक लग्नाच्या वाट्याला लाखभर माणसे. संध्याकाळी विरारच्या फलाटावर गाडी रिकामी होते तेव्हा उतरणाऱ्या लोंढ्यात वृश्चिक लग्नाची शेकडो माणसे असणार: कोणी शिळ्या विनोदावर मोठ्याने हसत, कोणी फोनवर भांडत, कोणी अनोळखी बाईची पिशवी पुलाच्या पायऱ्यांवरून वर नेऊन देत. त्यांना एका दोरीत ओवणारा कोणता गुण आहे, हे त्या फलाटावर उभे राहून मला कोणी दाखवून द्यावे.

एक म्हणणे मात्र मी आदराने ऐकतो. पुष्कळ माणसांना, विशेषतः ज्यांना आपल्या संकोचाबद्दल, रागीटपणाबद्दल आयुष्यभर बोलणी खावी लागली त्यांना, 'तुमचे लग्नच तसे आहे' या वाक्याने मोठा दिलासा मिळतो. कोणीतरी आपल्याला दोष न देता आपले वर्णन केले असे त्यांना वाटते. ही गरज खरी आहे. परंतु ज्या वाक्याने एकाला दिलासा मिळतो त्याच वाक्याने दुसरीचे दार बंद होते, आणि दोन्ही वेळी त्या वाक्यामागे पुरावा तेवढाच असतो, म्हणजे मुळीच नसतो. शिवाय असे वर्णन अंगात मुरते. माझ्याच नात्यातील एक मुलगा लहानपणी बोलका होता. पत्रिकेतील मकर लग्नाचे वर्णन घरात इतक्या वेळा वाचले गेले की, पंधराव्या वर्षी तो स्वतःच पाहुणे आले की माळ्यावर जाऊन बसू लागला, आणि सगळे म्हणाले, पाहा, जुळते की नाही.

नकाराचा निरोप आल्यावर काही दिवसांनी पुतणी माझ्याकडे आली होती. मी तिला सहज विचारले की, तुमच्या प्रसूतिगृहात जन्मवेळ लिहिते कोण? ती म्हणाली, "आम्हीच लिहितो, काका." मग तिने सांगितले की, हल्ली काही घरची माणसे आधीपासून मुहूर्त काढून आणतात, अमुक मिनिटाच्या आत शस्त्रक्रिया करून मूल बाहेर काढा म्हणून डॉक्टरांच्या मागे लागतात, काही जण दारातूनच ओरडून विचारतात, वेळ काय, वेळ काय. भिंतीवरचे घड्याळ मध्यंतरी सात मिनिटे पुढे होते, ते कोणाच्या तरी ध्यानात आले तेव्हा नीट केले. मी विचारले, "म्हणजे डोकं दिसलं ती वेळ, की पूर्ण जन्मलं ती, की नाळ कापली ती?" ती थोडा वेळ गप्प राहिली, तीच, जिला लोकांनी आतल्या गाठीची म्हटले होते, कारण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ती नेहमी विचार करूनच देते. मग त्या दिवशीच्या पहाटेच्या बाळंतपणाविषयी बोलली. मूल निळे पडले होते, रडत नव्हते. तिने त्याची छाती चोळली, तोंडातील स्राव ओढून काढला, तळपाय चोळले, डॉक्टरांनी श्वासाची पिशवी लावली, आणि किती वेळ गेला ते कोणालाच कळले नाही. शेवटी ते रडले. "मग मी घड्याळाकडे पाहिलं," ती म्हणाली, "आणि चार दहा लिहिलं."